बंक, फ्लंक आणि थोडा फंक

मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल. काहींना हसूही येईल, आणि ते साहजिक आहे. केजीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथे मराठी म्हणजे थर्ड लँग्वेज, आठवड्यातून चार पिरियड, त्यातले दोन पीटीला जायचे. ऱ्हस्व-दीर्घ हा माझा कायमचा बॅकलॉग आहे, आणि 'एकोणऐंशी' म्हणजे सेव्हन्टीनाइन की एटीनाइन हे मला आजही एक सेकंद थांबून आठवावं लागतं. तरीही हा लेख मी इंग्रजी विभागाला दिला नाही. का, ते शेवटी सांगतो.

विषय मात्र इंग्रजीचाच आहे. तोही टेक्स्टबुकातल्या इंग्रजीचा नाही, आपण सगळे दिवसभर मेसमध्ये, टपरीवर, कॉरिडॉरमध्ये जे बोलतो त्या इंग्रजीचा. बंक, फ्लंक, फंक, पंक, जंक, हंक. एका मापाचे, एका आवाजाचे शब्द. एका आईची लेकरं वाटतात. पण त्यांची कुळं बघायला गेलं तर... थांबा, आधी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. माझा रूम पार्टनर पाच दिवस तापाने पडून होता. तो मराठवाड्यातल्या एका छोट्या गावाचा, दहावीपर्यंत झेडपीच्या आणि मग गावच्या हायस्कूलमध्ये शिकलेला, पूर्ण मराठी माध्यम. मला एम-थ्री सोडवून दिला तो यानेच, नाहीतर माझी केटी पक्की होती. ताप उतरतो न उतरतो तोच डिफॉल्टर लिस्ट लागली. त्याची तीन प्रॅक्टिकल्स चुकली होती. एचओडी सरांना अर्ज द्यायचा, आणि अर्ज अर्थातच इंग्रजीत. त्याने रात्री बसून तो लिहिला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, "जरा बघ रे. तू कॉन्व्हेंटचा आहेस."

दुसऱ्याच ओळीत वाक्य होतं : "आय फ्लंक्ड थ्री प्रॅक्टिकल्स ड्यू टू फीवर."

त्याला म्हणायचं होतं, प्रॅक्टिकल्स बुडाली. 'बंक' हा शब्द एचओडी सरांपुढे बरा दिसणार नाही असं वाटून त्याने त्याच्यासारखाच ऐकू येणारा, पण जरा भारदस्त वाटणारा शब्द शोधून काढला होता. निघालं भलतंच. तापामुळे मी तीन प्रॅक्टिकल्समध्ये नापास झालो! परीक्षा व्हायच्या आधीच.

एक शब्द खोडून 'मिस्ड' लिहायचं, एवढंच काम होतं. मी काय केलं? तो कागद घेऊन मेसमध्ये गेलो आणि ताटावर बसलेल्या वीस-पंचवीस पोरांना मोठ्याने वाचून दाखवला. अगदी अ‍ॅक्सेंटसकट. पोरं हसली, मी हसलो. तो दारात उभा होता, तोही हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'फ्लंक्या'.

हॉस्टेलमध्ये कुणाला नाव पडत नाही? मलाही आहे, ते इथे छापता येणार नाही. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण पुढच्या महिन्यात प्लेसमेंट सेलचं मॉक जीडी होतं. सकाळी मी टाय बांधत होतो आणि हा पांघरूण घेऊन पडलेला. म्हणाला, "पोट बिघडलंय, तू जा." दुसऱ्या जीडीलाही पोट बिघडलं. सेमिनारचा नंबर आला तेव्हा गाईडना सांगून तो शेवटच्या आठवड्यात ढकलून घेतला. आमच्या विंगमध्ये जीडीला न जाणारे एकूण तीन जण आहेत. तिघंही मराठी माध्यमातले, आणि तिघांचेही पॉइंटर माझ्यापेक्षा जास्त.

तरीही माझी ट्यूब पेटली नव्हती. ती पेटली पीएलमध्ये, एका वेगळ्याच प्रश्नाने.

रात्री दीडच्या सुमाराला हा वही मिटून म्हणाला, "एक विचारू? फ्लंक म्हणजे नापास होणं, ते कळलं आता, जन्मात विसरणार नाही. पण बंक म्हणजे नेमकं काय? ट्रेनमधल्या बर्थलापण बंक म्हणतात ना? मग लेक्चरला न जाण्याला बंक का म्हणतात?"

मी पंधरा वर्षं इंग्रजीत शिकलोय. इंग्रजीत भांडतो, स्वप्नंही अर्धी इंग्रजीत पडतात. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. पण 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती. मी ठोकून दिलं, "सोपं आहे. लेक्चरला न जाता बंकवर झोपून राहायचं, म्हणून बंक!" तो "अस्सं" म्हणाला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लायब्ररीतून आला. रेफरन्स सेक्शनमधला जाडजूड शब्दकोश बघून आला होता. वहीच्या मागच्या पानावर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं : 'बंक १, बंक २, बंक ३. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.' मला ते दाखवलं, चिडवलं मात्र अजिबात नाही. मग मीच खजील होऊन त्याच्याबरोबर बसायला लागलो. पीएलमध्ये सिलॅबस सोडून आम्ही हा उद्योग केला, तेव्हा पालकांनी हे पान वाचू नये ही विनंती!

तर पहिला बंक, झोपायचा. अठराव्या शतकात जहाजावरच्या अरुंद फळीवजा बिछान्याला इंग्रज खलाशी बंक म्हणायला लागले. हा बहुधा स्कॉटिश 'बंकर'चा तुकडा. बंकर म्हणजे बसायचा बाक. सैनिकांचा आणि गोल्फवाल्यांचा बंकर हा त्याच घरातला. आपल्या हॉस्टेलचा लोखंडी दुमजली पलंग या घराण्याचा वारस आहे.

दुसरा बंक, पळायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या बोलीत 'बंक करणे' म्हणजे पोबारा करणे. शाळा चुकवणारी ब्रिटिश पोरं आजही 'बंक ऑफ' करतात. कोश याच्यापुढे स्वच्छ लिहितात, मूळ अज्ञात. जगातले मोठमोठे विद्वान 'माहीत नाही' असं छापून देतात, आणि मी रात्री दीड वाजता पूर्ण आत्मविश्वासाने पलंगाची गोष्ट रचली होती. आपण मारतो तो हा बंक. खरं तर आपल्याकडे त्याला 'दांडी' हा फक्कड शब्द आहे. पण 'मास दांडी' कानाला बरं लागत नाही, म्हणून 'मास बंक' टिकून आहे.

तिसरा बंक सगळ्यात मजेशीर. बंक म्हणजे निव्वळ बडबड, थापा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बंकम नावाची काउंटी आहे. तिथले फेलिक्स वॉकर नावाचे गृहस्थ काँग्रेसचे सदस्य होते. १८२० साली मिसूरी राज्याचा प्रश्न गाजत होता. नव्या राज्यात गुलामगिरी असावी की नसावी, असा तो गंभीर प्रश्न. चर्चा लांबली, सभासद कंटाळले, मतदान घ्या म्हणून ओरडायला लागले, आणि नेमके तेव्हाच वॉकरसाहेब भाषणाला उभे राहिले. लोक बसा म्हणाले तर त्यांचं म्हणणं असं की, मला सभागृहासाठी नाही, बंकमसाठी बोलायचंय! म्हणजे माझ्या मतदारांना दिसलं पाहिजे की आपला माणूस बोलला. तेव्हापासून पोकळ भाषणाला 'बंकम' म्हणायची पद्धत पडली. पुढे त्याचं स्पेलिंग बदललं आणि शेपूट गळून नुसतं 'बंक' राहिलं. मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९१६ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ला मुलाखत देताना इतिहास म्हणजे थोडाफार बंकच, असं म्हणून टाकलं, आणि शब्द जगभर झाला. १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी 'बंक' नावाची कादंबरीच लिहिली आणि तिच्यात नवीन क्रियापद आणलं, 'डीबंक'. म्हणजे थापेतली हवा काढणं. आज फेक न्यूजच्या काळात हा शब्द रोज पेपरात असतो.

आता गंमत बघा. सकाळी बंकवर लोळत लेक्चर बंक करायचं आणि दुपारी सरांना आजीच्या आजारपणाचं बंक सांगायचं. एका दिवसात तीन बंक, आणि तिघं एकमेकांचे कुणीच नाहीत! त्यातून बेळगावच्या पुढे कर्नाटकात उतरलात तर पेट्रोल पंपालाही 'पेट्रोल बंक' म्हणतात. पहिल्यांदा तो बोर्ड बघून मला वाटलं होतं, इथे पेट्रोलपण बंक मारतं की काय!

इथे एक सावधगिरी. बंक म्हटलं की आपल्याला लगेच 'भंकस' आठवते. आवाज सारखा, अर्थही जवळचा, तेव्हा नातं असणारच, असं मीही म्हणालो. पार्टनरने मान हलवली. म्हणाला, "मराठीत 'वर' शब्द घे. माळ्यावर चढतो तो वर, आणि बोहल्यावर चढतो तोही वर. एक आलाय संस्कृतच्या 'उपरि'पासून आणि दुसरा निवडणे या अर्थाच्या धातूपासून. आवाज सारखा म्हणून नवरदेवाला पोटमाळ्यावर बसवशील का?" उलट देवाकडे मागतो तो वर आणि नवरदेव हा वर, हे दोघं मात्र सख्खे. दोघंही 'निवडलेले'. म्हणजे आवाजावरून नातं ठरवायचं नाही, कागदपत्रं बघायची. हे ज्ञान मला कुठल्याही इंग्लिश टीचरने दिलं नाही, 'फ्लंक्या'ने दिलं.

पंकचं तसंच. पंकज नावाच्या प्रत्येक मुलाला हॉस्टेलात आल्यावर 'पंक्या' किंवा स्टाईलमध्ये 'पंक' म्हणतात. आपला संस्कृत पंक म्हणजे चिखल, त्यात जन्मतं ते पंकज, कमळ. इंग्रजी पंकचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शेक्सपिअरच्या काळात पंक म्हणजे वेश्या. 'मेझर फॉर मेझर' नाटकात तो या अर्थाने आहे. तिकडे अमेरिकेत चूल पेटवायला वापरतात त्या कुजक्या, भुसभुशीत लाकडाला पंक म्हणत, तो बहुधा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. पुढे टाकाऊ वस्तू, मग टाकाऊ माणूस, मवाली पोरगा असा प्रवास झाला. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या 'रमोन्स' आणि लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' यांच्यासारख्या बँड्सच्या संगीताला पंक नाव पडलं, आणि शिवी होती ती अभिमानाने मिरवायची गोष्ट झाली. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांचा 'सायबरपंक' म्हणजे १९८३ मध्ये छापून आलेल्या ब्रूस बेथकी यांच्या कथेचं नाव. आता टी-शर्टवर 'पंक' छापून फिरणाऱ्यांनी, विशेषतः ज्युनियर्सना तो शब्द फेकून मारणाऱ्यांनी, आपण चारशे वर्षांत नेमक्या कुठल्या अर्थाचं बोलतोय ते ठरवावं.

जंक मूळचा जहाजावरचा. जंक म्हणजे जुना झिजलेला दोरखंड. त्याचे तुकडे करून फटी बुजवायला वापरत. मग जहाजावरची कसलीही अडगळ जंक झाली. खारवलेलं, दोरासारखं चिवट मांस वर्षानुवर्षं खावं लागे, खलाशी वैतागून त्यालाही जंक म्हणत. म्हणजे 'जंक फूड' हा शब्द गाजला १९७० च्या दशकात, पण मेसच्या जेवणाला नावं ठेवायची परंपरा त्याच्या किती आधीची बघा! आणि चिनी शिडाच्या जहाजाला 'जंक' म्हणतात, ते जहाज असूनही या दोराचं नातेवाईक नाही. तो शब्द मलाय-जावाकडच्या 'जोंग'वरून पोर्तुगीजांमार्फत आला. एकाच बंदरात उभे दोन जंक, तेही परके. हंकबद्दल एवढंच सांगतो की तो मूळचा पावाचा नाहीतर मांसाचा जाड तुकडा. जिमवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

आता उरले फंक आणि फ्लंक. हा लेख मी लिहितोय तो या दोघांसाठी.

फंकही दोन आहेत. एक वासाचा. सतराव्या शतकात फंक म्हणजे कोंदट, उग्र वास. हा बहुधा फ्रेंचमधून लॅटिनच्या 'फ्यूमस' म्हणजे धूर या शब्दापर्यंत जातो. आणि लॅटिनचा फ्यूमस आणि आपल्या संस्कृतचा 'धूम' हे खरेखुरे चुलतभाऊ. हे भाषाशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. ऐकायला एकमेकांसारखे अजिबात नाहीत, आणि नातं मात्र रक्ताचं! 'फंकी' म्हणजे आधी जुन्या चीजचा वास, मग जॅझवाल्यांच्या तोंडी मातीतलं, अस्सल संगीत, आणि १९६० च्या दशकात जेम्स ब्राउन यांनी घडवलेलं फंक म्युझिक. आमच्या रूममधल्या मोज्यांना 'फंकी' म्हणणारा माणूस व्युत्पत्तीच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरा फंक भीतीचा. अठराव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत फंक म्हणजे घाबरगुंडी. म्हणजे आपल्यासारख्याच हॉस्टेलवाल्यांनी चालू केलेला शब्द. आणि १८२३ मध्ये अमेरिकन कॉलेजच्या बोलीत एक नवा शब्द छापलेला सापडतो, फ्लंक. कोशकार तो बहुधा या फंकवरूनच आला असं सांगतात. पण तेव्हाचा त्याचा पहिला अर्थ नुसता नापास होणं एवढाच नव्हता. फ्लंक म्हणजे कच खाणं, माघार घेणं, अंग काढून घेणं.

हे वाचलं आणि मी वही खाली ठेवली. 'आय फ्लंक्ड थ्री प्रॅक्टिकल्स ड्यू टू फीवर.' तापामुळे मी तीन प्रॅक्टिकल्समधून अंग काढून घेतलं. १८२३ च्या पोरांनी हे वाक्य वाचलं असतं तर कदाचित कुणीच हसलं नसतं! आजच्या इंग्रजीत ते चूकच आहे, ते मी नाकारत नाही. पण वीस-पंचवीस जणांपुढे ज्या तोऱ्यात मी ते वाचलं तो तोरा कुठून आला होता? मला त्या शब्दाबद्दल त्याच्यापेक्षा एक अर्थ जास्त माहीत होता, बस्. त्याच्या मागचं काहीच माहीत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट जास्त बोचली. फंक, मग फ्लंक, मग नापास. आधी भीती, भीतीतून माघार, माघारीतून अपयश. शब्दाचा हा प्रवास म्हणजे माझ्या पार्टनरचा गेल्या सेमिस्टरचा प्रवास होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तो जीडीला गेला नाही असं नाही. इंग्रजी त्याला तेवढंच येत होतं जेवढं अर्ज लिहिला त्या दिवशी येत होतं. आणि त्या दिवशी तर तो स्वतःहून लिहायला बसला होता, स्वतःहून माझ्याकडे घेऊन आला होता. मधल्या काळात फक्त एकच गोष्ट वाढली होती, भीती. आणि ती मी पुरवली होती.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. इंग्रजी बोलता येणं आणि इंग्रजी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंक आणि बंक इतक्या वेगळ्या. आम्ही कॉन्व्हेंटवाले शब्द कानाने उचलतो. शाळेच्या कॉरिडॉरमधून, पिक्चरमधून, आता रील्समधून. कुठे कुठला शब्द टाकायचा ते जमतं, सूर जमतो, आणि सुरालाच लोक ज्ञान समजतात. आम्हीही समजतो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा प्रत्येक शब्द हातात घेऊन, उलटा-पालटा करून बघतो, कारण त्याला तो कष्टाने मिळवावा लागतो. जीडीमध्ये मार्क पडतात सुराला.

आणि आपल्याच ब्रँचमध्ये अर्धवट माहिती कशी आत्मविश्वासाने फिरते ते बघा. 'बग' शब्द कुठून आला? सगळे एका सुरात सांगतील, १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क-टू कॉम्प्युटरमध्ये पतंग सापडला, म्हणून. पतंग सापडला हे खरं, तो लॉगबुकात चिकटवलेला आहे. पण त्याच्याखालच्या नोंदीचा अर्थ असा की, बग प्रत्यक्षात सापडल्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे शब्द आधीपासून होता, म्हणूनच तर तो विनोद झाला! एडिसनने १८७८ मध्येच यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना पत्रात 'बग' म्हटलं होतं. पतंगाची गोष्ट अस्खलित इंग्रजीत सांगितली की कुणी शंका घेत नाही. हीच शंका मोडक्या इंग्रजीत विचारली तर? आधी इंग्रजीला हसू येतं, शंका तशीच राहते.

काही जण म्हणतील, थट्टा नसेल तर हॉस्टेल कसलं? मान्य. थट्टा हवीच. मी काही हॉस्टेलचा आश्रम करायला सांगत नाहीये. पण एखाद्याने विश्वासाने 'जरा बघ रे' म्हणून दिलेला कागद थट्टेचा माल नसतो. कुणी म्हणेल, कंपनीत असल्या चुका चालणार नाहीत, त्या दाखवायलाच हव्यात. अगदी बरोबर! मग दाखवा ना. रूममध्ये, दोघांत, दोन मिनिटांत. मेसमध्ये वाचून दाखवल्याने माझ्या पार्टनरची एक चूक सुधारली हे खरं, पण त्याबरोबर पुढची वाक्यंच बंद झाली. ज्याने बोलणंच थांबवलं त्याच्या चुका तुम्ही सुधारणार कशा?

सरांना आणि मॅडमनाही लहान तोंडी एक विनंती. व्हायवाला उत्तर बरोबर आणि इंग्रजी मोडकं असं झालं तर मार्क उत्तराला द्यावेत. आणि उत्तर चुकीचं आणि इंग्रजी फर्डं असेल, म्हणजे बहुतेक वेळा माझ्यासारखा कुणी समोर असेल, तर जरा थांबून 'म्हणजे काय?' एवढंच विचारावं. वॉकरसाहेबांचं बंकम तिथल्या तिथे उघडं पडेल.

असो. बरंच लांबलं. माझं बंकमसाठीचं भाषण आता संपवतो.

पार्टनरची मी माफी मागितली. तो म्हणाला, "सोड रे, जुनं झालं." सगळं छान झालं असं मात्र नाही. मेसमध्ये अजून काही जण त्याला फ्लंक्याच म्हणतात, नाव असं अर्जाने परत घेता येत नाही. पण सेमिनार त्याने दिला, इंग्रजीत. तीन ठिकाणी अडखळला, एकदा काळ चुकला. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, तेव्हा मी वळून बघितलं, एवढंच मला करता आलं. पुढच्या महिन्यातल्या जीडीच्या यादीत त्याने नाव घातलंय. त्या दिवशी त्याचं पोट ठीक राहावं अशी प्रार्थना आहे.

आता हा लेख मराठीत का, ते सांगायचं राहिलं. मला एकदा तरी अशा भाषेत लिहून बघायचं होतं जिच्यात माझी चूक होणार हे मला आधीपासून माहीत आहे. लिहून झाल्यावर मी हे कागद पार्टनरच्या हातात दिले आणि म्हटलं, "जरा बघ रे." देताना पोटात जे झालं त्याला ऑक्सफर्डवाले फंक म्हणत असत, हे आता मला माहीत आहे.

रात्रभर कागद त्याच्याकडे होते. सकाळी माझ्या टेबलावर ठेवलेले मिळाले. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकूण चौसष्ट चुका दुरुस्त केलेल्या होत्या. 'आशिर्वाद'पासून 'शुद्धलेखन' हा शब्दच अशुद्ध लिहिण्यापर्यंत. पेन्सिलीने अशासाठी, की फेअर करताना खोडता याव्यात.

मेसमध्ये त्यातली एकही अजून कुणाला कळलेली नाही.